दुसरा टेक

ऑस्टिन डाबरे माझ्याआधी स्टुडिओत येऊन बसला होता. मी दार ढकलून आत गेलो तसा तो उठला, शर्ट खाली ओढून सारखा केला आणि पिशवीतून सुकेळ्यांची एक पुडी काढून माझ्या हातात दिली. केळीच्या वाळक्या पानात बांधलेली.

"घरच्या केळ्यांची आहेत," तो म्हणाला. "दोन पुड्या आणल्यात. एक तुला, एक आईंना. पुढच्या आठवड्यात दापोडीला जायचंच आहे."

"कुठल्या आईंना?"

"संपतच्या." त्याला माझ्या प्रश्नाचं नवल वाटलं. "मी दर वर्षी जातो ना, तेरा फेब्रुवारीला. तुला माहीत नाही?"

मला माहीत नव्हतं. बारा वर्षांत मी स्वतः दापोडीला तीनदा गेलो होतो, आणि त्यातल्या दोन वेळा बरोबर कॅमेरा होता.

संपत खैरमोडे गेला तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांचा होतो आणि त्याचा कॅप्टन होतो. आमचा क्लब खडकीचा, ऑस्टिनचा वसईचा. दोघांमधली फायनल. उत्तरार्धाच्या अकराव्या मिनिटाला संपत चेंडू काखेत घेऊन निघाला आणि ऑस्टिनने त्याला खांद्याने अडवून खाली पाडलं. रग्बीत याला टॅकल म्हणतात, एका सामन्यात असे शंभरेक तरी होतात. संपत उठला नाही. तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलातच वारला.

तो गेल्याच्या दुसऱ्या दिवशी पेपरात ऑस्टिनचा फोटो आला. खाली दोन शब्द होते, 'जीवघेणा टॅकल'.

शोकसभेला तो एकटाच वसईहून आला होता आणि मागे दाराजवळ उभा होता. आमच्या पोरांनी त्याला ओळखलं, कुजबुज सुरू झाली. मी पुढच्या रांगेतून उठलो, सगळ्या हॉलमधून चालत त्याच्यापर्यंत गेलो आणि त्याला मिठी मारली. "आम्ही तुला माफ केलंय," मी म्हणालो. हॉलमधल्या प्रत्येकाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

कुणीतरी त्या मिठीचा फोटो काढला, आणि त्या फोटोने मला मोठं केलं. एका चॅनेलने मुलाखत घेतली. माझा आवाज त्यांना आवडला, मराठी समालोचनासाठी बोलावलं. मग कंपन्यांमध्ये भाषणं देऊ लागलो, विषय 'हरल्यावर उभं कसं राहायचं'. मग खेळाच्या सामानाचा धंदा. शाळेतल्या मुलांसाठी आम्ही डोक्यावर घालायची मऊ टोपी काढली, तिचं नाव 'संपत'. अशा टोपीने कान सोलवटत नाहीत, कातडी फाटत नाही, पण मेंदूला बसणारा हिसका ती थांबवू शकत नाही. हे मला पक्कं माहीत होतं. खोक्यावर तसं छापलेलंही होतं, बारीक अक्षरात.

रस्त्यात लोक थांबवून विचारायचे, "तुम्ही ते रग्बीवाले निरंजन पाठारे ना?" आपल्याकडे रग्बीवाल्याला कोण ओळखतं? पण मला ओळखायचे.

त्या दिवशी चॅनेलने आम्हाला दोघांना गोरेगावच्या त्या स्टुडिओत बोलावलं होतं ते एका कार्यक्रमासाठी. ऑस्टिनच्या वडिलांनी ती फायनल हॅंडीकॅमवर घेतली होती. सामन्यानंतर त्यांनी कॅसेट कपाटात टाकली ती टाकलीच. वडील वारल्यावर ती ऑस्टिनला सापडली आणि त्याने चॅनेलला दिली. आम्ही दोघांनी ती एकत्र बघायची, आणि बघता बघता मी बोलायचं, असा बेत होता.

"सर, तुम्ही सामना सांगता तसंच सांगा," रेणुका धारप म्हणाली. कार्यक्रम तिचा होता. पस्तिशीची, कामाची घाई असलेली पण बोलायला गोड. "फक्त इथे तुम्ही स्वतःच मैदानात आहात."

आम्ही दोघं एका काचेच्या खोलीत बसलो. समोर पडदा, कानांवर हेडफोन, प्रत्येकापुढे एक माइक. काचेपलीकडे रेणुका आणि साउंडवाला.

चित्र हलत होतं, रंग उडालेले होते. पहिला अर्धा भाग मी सराईतपणे बोललो. ऑस्टिन मधे मधे हसला देखील. "बघ, बघ, काय बारीक होतो आपण!" संपत दिसला की मात्र तो गप्प व्हायचा. संपतला ओळखणं सोपं होतं. आईची पिठाची गिरणी, लहानपणापासून धान्याची पोती उचललेली, त्यामुळे मान जवळजवळ नाहीच, डोकं थेट खांद्यांवर ठेवल्यासारखं.

मग मध्यंतर झालं. ऑस्टिनचे वडील कॅमेरा बंद करायला विसरले असावेत. तो कुठेतरी टेकवून ठेवलेला होता, आणि त्याच्यासमोर नेमकी आमची टीम होती.

हे चित्रण आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

पडद्यावर संपत गवतात बसला. सगळे माझ्याकडे तोंड करून बसलेले, तो एकटा पाठ फिरवून. तो बुटाची नाडी बांधत होता. बांधून झाली, त्याने सोडली, पुन्हा बांधली. मग मी त्याच्याजवळ जाऊन बसलो. त्याने मला काही विचारलं. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याने पुन्हा विचारलं, मग आणखी एकदा. आवाज काहीच नव्हता, नुसता वारा. मग एक पांढरा कोट घातलेली मुलगी आली, मैदानावरची डॉक्टर. तिच्या हातात छोटी बॅटरी होती. ती संपतसमोर वाकली, तसा मी उठलो, दोघांच्या मधे उभा राहिलो, हसलो, तिला काहीतरी बोललो. तीही हसली आणि गेली. मी संपतला हाताला धरून उभं केलं.

रेणुकाने चित्र थांबवलं. तिचे डोळे चमकत होते.

"सर, हे सोनं आहे," ती म्हणाली. "कॅप्टन आपल्या खेळाडूला धीर देतोय, आणि पुढच्या अकरा मिनिटांत... इथे तुमचा आवाज हवाच. तुम्ही काय बोललात त्यांच्याशी?"

"एवढं आठवत नाही आता."

"जेवढं आठवतं तेवढं. दोन वाक्यं पुरेत."

ऑस्टिन माझ्याकडे बघत होता. त्या मध्यंतरात तो मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होता. हे त्यानेही आजच पहिल्यांदा पाहिलं होतं.

काचेपलीकडचा दिवा लाल झाला.

"संपत दमला होता," मी म्हणालो. माझा आवाज ठीक होता, बारा वर्षांचा सराव होता त्याला. "मी त्याच्याजवळ बसलो. म्हणालो, संपत, आपण दोन गुणांनी पुढे आहोत, पण हे गुण तुझ्यामुळे आहेत. तो हसला. म्हणाला, कॅप्टन, तू फक्त चेंडू दे, बाकी मी बघतो. आमचं ते शेवटचं बोलणं."

असं काही बोलणं झालं नव्हतं. पण मी म्हटलं, आणि म्हणताक्षणी ते घडल्यासारखं वाटलं. माझं सगळं असंच घडत आलं होतं.

शेजारून आवाज आला. ऑस्टिन रडत होता. पन्नाशीकडे झुकलेला नव्हता तो, माझ्याच वयाचा, चाळिशीचा, पण त्या क्षणी म्हातारा दिसला. त्याने माझा हात धरला.

"निरंजन, तुला एक सांगायचंय. त्या शोकसभेला मी परत जायचं नाही असं ठरवून आलो होतो. म्हणजे घरी जायचंच नाही. खडकीच्या रेल्वे फाटकाशी दोनदा जाऊन उभा राहिलो होतो. मग हॉलमध्ये आलो, म्हटलं आईंचे पाय धरावेत आणि जावं. तू मला मिठी मारलीस. तू मारलीस म्हणून मी आहे. बारा वर्षं सांगायचं होतं."

त्याचा हात माझ्या हातावर होता आणि मला तो काढताही येत नव्हता.

रेणुकाचा आवाज हेडफोनमध्ये आला. बहुतेक तीही रडली होती. "सर, फार सुंदर. पण ऑस्टिन सरांचा आवाज तुमच्या वाक्यांवर आलाय. ते आपण वेगळं वापरू. तुमचं एकदा परत घ्यायचं? हेच, असंच. ऑस्टिन सर, दोन मिनिटं प्लीज."

ऑस्टिनने मान डोलावली, रुमालाने तोंड झाकून घेतलं. दिवा लाल झाला. पडद्यावर संपत पुन्हा गवतात बसला आणि पाठमोरा होऊन नाडी बांधू लागला.

"संपत दमला होता," मी म्हणालो.

पुढचं वाक्य मला पाठ होतं. ते ओठांवर आलं नाही. पडद्यावर त्याने नाडी सोडली, पुन्हा बांधली.

"तो दमला नव्हता," मी म्हणालो. "त्याला लागलं होतं. पहिल्या अर्ध्यात, अठ्ठाविसाव्या मिनिटाला. चेंडूसाठी झोंबाझोंबी चालली होती, त्यात आमच्याच एकाचा गुडघा त्याच्या कानशिलावर बसला. दुसऱ्या कुणाच्या लक्षात आलं नाही. मी बघितलं. तो उठला आणि त्यांच्या टीमच्या रांगेत जाऊन उभा राहिला. मी त्याला ओढून आणलं."

काचेपलीकडे रेणुकाने हात वर केला, मग तसाच खाली घेतला.

"इथे तो मला एकच गोष्ट विचारतोय. तीनदा विचारली. पहिल्यांदा मी सांगितलं. दुसऱ्यांदा सांगितलं. तिसऱ्यांदा मला कळलं की याला काही कळत नाहीये. ही डॉक्टर येतेय. तिने त्याला नीट बघितलं असतं तर बाहेर काढला असता. ती मला विचारतेय, हा बरा आहे ना? मी हसतोय. मी म्हणतोय, मॅडम, नाटकं करायची सवय आहे त्याला, सोडा. आम्ही दोन गुणांनी पुढे होतो. निवड समितीची माणसं समोर बसली होती. बाकावर त्याच्या जागी खेळेल असा कुणी नव्हता. ऑस्टिनचा टॅकल साधा होता. बरा माणूस असता तर उठून पळाला असता."

मी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. पंख्याचा आवाज येत होता.

ऑस्टिनने रुमाल खाली घेतला होता. त्याचा चेहरा कोरा होता.

"परत सांग," तो म्हणाला.

मी सगळं परत सांगितलं. या वेळी माइकमध्ये नाही, त्याच्याकडे बघून.

"तुला हे त्या शोकसभेत माहीत होतं?"

"हो."

"मला मिठी मारलीस तेव्हा?"

"हो."

तो उठला, त्याने पिशवी उचलली. मला वाटलं निघून जाईल. मारेल असंही वाटलं, आणि त्याने मारावं असं वाटलं. तो दाराशी थांबला.

"तुझी गाडी खाली आहे?"

"आहे."

"मग चल दापोडीला. आत्ता. हे तू त्यांच्यासमोर बोलायचं."

रेणुका आमच्यामागे जिन्यापर्यंत आली. "सर, कुठला टेक ठेवू?" तिने विचारलं. बिचारीला दुसरं काय विचारावं ते सुचलं नसणार.

"दुसरा," मी म्हणालो.

वाशीचा पूल मागे पडला, घाट लागला. मी चहासाठी थांबू का विचारलं, तर ऑस्टिनने मानेनेच नाही म्हटलं. घाट संपल्यावर तो खिडकीकडे बघतच बोलायला लागला. रागाने नाही. हिशेब मांडतात तसंही नाही. जणू मी नव्हतोच गाडीत.

"माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. यात्रेत सगळे बाप पोरांना खांद्यावर घेतात. मी कधी घेतलं नाही. बायकोला सांगितलं, खांदा दुखतो. कधी दुखला नाही खांदा. नुसता तिथे असतो. झोपताना त्या कुशीवर झोपत नाही मी." थोडं थांबून म्हणाला, "डॅडी शेवटपर्यंत त्या मैदानावरून कधी गेले नाहीत. लांबचा रस्ता घ्यायचे. तेही मी केलं असंच समजून गेले."

मला माफी मागायची होती. पण माफी हा शब्द मी बारा वर्षं वापरून झालो होतो. मी गाडी चालवत राहिलो.

दापोडीत पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते. शेवंताबाईंची, म्हणजे संपतच्या आईंची, गिरणी गल्लीच्या तोंडाशी होती, घर मागच्या बाजूला. त्या जोंधळे दळत होत्या. साठी उलटलेली बाई, भुवयांवर पीठ, पदर कमरेला खोचलेला. ऑस्टिनला बघून त्यांचा चेहरा उजळला.

"अरे, तू आज कसा? तारीख तर पुढच्या गुरुवारी," त्या मशीनच्या आवाजावरून ओरडल्या. मग त्यांना मी दिसलो. त्यांनी पदर सोडून डोक्यावर घेतला. पाहुण्यासमोर घेतात तसा. "या, कॅप्टन साहेब."

ऑस्टिनला अरे आणि मला साहेब. ते मला त्या दिवशीच ऐकू आलं.

"आई, मशीन बंद करता?" ऑस्टिन म्हणाला. "याला तुमच्याशी बोलायचंय."

त्यांनी खटका पाडला. पट्टा हळूहळू थांबला. ऑस्टिनने दळण घेऊन बसलेल्या एका बाईला सांगितलं, ताई, अर्ध्या तासाने या. ती बाई आमच्या तोंडाकडे बघून मुकाट्याने गेली.

मी उभ्यानेच सांगितलं. शेवंताबाई एका पोत्यावर बसल्या होत्या. हात मांडीवर, तळवे वर. गुडघ्याचं सांगितलं, नाडीचं सांगितलं, डॉक्टरचं सांगितलं. मी काय म्हणालो होतो तेही शब्दन् शब्द सांगितलं, नाटकं करायची सवय आहे म्हणून. त्यांनी मधे अडवलं नाही. डोळ्यांतून पाणी आलं नाही.

मग म्हणाल्या, "तीनदा काय विचारत होता तो?"

हे मी स्टुडिओत सांगितलं नव्हतं. कुणालाच कधी सांगितलं नव्हतं.

"मावशी, ते राहू द्या."

"काय विचारत होता?"

"आई आली का, म्हणून."

शेवंताबाईंनी माझ्याकडे बघितलं.

"तोच मला सकाळी रिक्षाने घेऊन गेला होता," त्या म्हणाल्या. "माझा पहिलाच सामना. त्यानेच दोरीजवळ खुर्ची टाकून दिली होती मला. मी समोर होते."

"हो."

"मध्यंतरात मी त्याला हात केला होता. त्याने बघितलं माझ्याकडे. मला वाटलं, सगळ्यांसमोर लाजतोय." त्यांचा आवाज पहिल्यांदा हलला. "त्याला मी दिसले नाही?"

मी मान खाली घातली.

त्या उठल्या. ऑस्टिनजवळ गेल्या आणि त्याच्या तोंडावरून पिठाचा हात फिरवला, एकदा, कपाळापासून हनुवटीपर्यंत. "आत चल," त्याला म्हणाल्या. "जेवला नसशील." दोघं आत गेले. मागचं दार लोटलं गेलं.

मी गिरणीत उभा राहिलो, मग बाहेर रस्त्यावर येऊन उभा राहिलो. ती दळणवाली बाई परत आली, डबा ठेवून पुन्हा गेली. तासाभराने ऑस्टिन एकटा बाहेर आला. त्याच्या गालावर पीठ तसंच होतं.

"मी आज इथेच राहतोय," तो म्हणाला. "त्या म्हणाल्यात, तू जा. यायचं असेल तर त्या बोलावतील तेव्हा ये. आपण होऊन येऊ नको."

"आणि तू?"

"मी येत राहणार इथे," तो म्हणाला. "तुझ्याशी मला आता काही बोलायचं नाही, निरंजन. उद्या कदाचित शिव्या देईन. आज नाही."

तो आत गेला.

तो कार्यक्रम दाखवलाच गेला नाही. चॅनेलच्या वकिलांनी अडवला, असं रेणुकाने कळवलं. मग मी स्वतः सगळं लिहून काढलं आणि ज्या पेपरने ऑस्टिनचा फोटो छापला होता त्याच पेपरात दिलं. त्यांनी ते आतल्या पानावर घेतलं. टोपीवरून संपतचं नाव काढलं, वर्षभराने धंदाही दुसऱ्याला देऊन टाकला. भाषणांची बोलावणी आपोआप थांबली. समालोचन मात्र मी सोडलेलं नाही, लहानसहान स्पर्धांचं करतो. कुणी डोक्यावर पडला की माझं बोलणं बंद होतं. शेजारचा समालोचक सांभाळून घेतो. खेळाडूला बाहेर काढेपर्यंत मी त्याच्या डोळ्यांकडे बघत असतो, तो कुणाला शोधतोय का ते.

ऑस्टिनने नंतर एकदाच फोन केला आणि शिव्या दिल्या. मी सगळ्या ऐकल्या.

याला आता सहा वर्षं होतील. दर फेब्रुवारीत तेरा तारखेच्या आसपासचे पंधरा दिवस मी पुण्यातच काढतो, कुठलंही काम घेत नाही. दापोडी माझ्या घरापासून वीस मिनिटांवर आहे. शेवंताबाईंकडे माझा नंबर आहे. त्यांनी अजून बोलावलेलं नाही.